कमी बजेटात घाट आणि ट्रॅक दोन्हीला चालतील असे ब्रेक पॅड कोणते?

राजारामपुरी_०९
नमस्कार मंडळी. गाडी १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, पुढं डिस्क मागं ड्रम, टायर सोडले तर सगळं कंपनीचंच. सेकंडहँड घेतलेली. रोजचं घर ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, आणि रविवारी पहाटे घाट, कधी आंबा, कधी राधानगरी दाजीपूरवरनं फोंडा, कधी गगनबावडा. वेडंवाकडं चालवत नाही पण रस्ता रिकामा आणि पुढचं वळण दिसत असलं की गाडी जरा मोकळी सोडतो.

आता प्रॉब्लेम असा की गेल्या वेळी करूळ घाट उतरून वैभववाडीच्या अलीकडं आलो तर जळका वास आणि ब्रेक म्हणावा तसा लागेना. गाडी बाजूला घेतली, गार झाल्यावर परत नॉर्मल. त्यात थंडीत आम्ही चौघं मित्र कोइमतूरच्या करी ह्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डेला (आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) जायचं ठरवलंय, गाडी चालवत न्यायची आणि चालवतच आणायची, ट्रेलर वगैरे परवडत नाही. म्हणजे एकाच पॅडवर हजार किलोमीटरच्या आसपास हायवे, मग ट्रॅक, मग परत हायवे.

बजेट पॅड, ऑइल, मजुरी सगळं धरून दहा हजाराच्या आत. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात विचारलं तर एकानं साडेसातशेचा सेट दाखवला आणि दुसऱ्यानं इंपोर्टेड म्हणून अकरा हजार सांगितले. मधलं काय आहे का नाही? कुणी वापरलेलं असेल तर सांगा.

घाटवाट
भावा पॅडचं नाव सांगायच्या आधी एक सांग. ब्रेक लागेना म्हणजे पेडल मऊ होऊन खाली जात होतं का पेडल दगडासारखं घट्ट पण गाडी थांबेना? ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांचा खर्च पण वेगळा आहे.

राजारामपुरी_०९
मऊ. नेहमीपेक्षा बरंच खाली जात होतं, दोनदा पंप केलं की जरा वर यायचं.

घाटवाट
मग तुझं पहिलं दुखणं पॅड नाही, ब्रेक ऑइल आहे.

नीट सांगतो कारण ह्यात लोक पैसे घालवतात. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, तो त्याचा गुणच आहे, होजमधनं आणि टाकीच्या झाकणातनं हवेतली ओल आत जात राहते. डॉट ३, ४, ५.१ ह्या ब्रेक ऑइलच्या प्रती. नवीन डॉट ३ चा उत्कलनबिंदू कमीत कमी २०५ डिग्री असायला लागतो, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच १४० पर्यंत खाली आला तरी चालतो. डॉट ४ नवीन २३० आणि ओलं १५५. डॉट ५.१ नवीन २६०, ओलं १८०. आता आपल्याकडचा पाऊस बघ, गगनबावड्याला तर पावसाळ्यात हवाच भिजलेली असते. सेकंडहँड गाडी, ऑइल कधी बदललंय कुणाला माहीत नाही, घाटात कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, तापला, ऑइलमधलं पाणी उकळलं, वाफ झाली. ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. पंप केल्यावर वर येतं ते त्यामुळंच. गार झालं की वाफेचं परत पाणी, सगळं नॉर्मल, माणूस म्हणतो काय झालंच नाही.

पेडल घट्ट राहून गाडी थांबत नसती तर तो पॅड फेड. पॅडमधला बाइंडर, म्हणजे जे रेझिन सगळं धरून ठेवतं, ते जास्त तापलं की गॅस सोडतं आणि घर्षण पडतं.

तुझ्याकडं जळका वास पण आहे म्हणजे पॅडही तापलेत. पण आधी ऑइल. अर्धा लिटर डॉट ४ तीनचारशे रुपयांच्या घरात येतं, पूर्ण फ्लश करायला एक लिटर घे. अकरा हजाराचे पॅड टाकून जुनं ऑइल ठेवलंस तर करीवर दुसऱ्याच लॅपला पेडल परत खाली जाईल.

पोलो_पन्हाळा
+१ ऑइलला. पण पॅडही बदल, कंपनीचा पॅड ट्रॅकसाठी बनवलेलाच नसतो, तो सकाळी गार असताना पहिल्या दाबाला लागला पायजे, आवाज नको, रिम काळी व्हायला नको, साठ सत्तर हजार किलोमीटर चालला पायजे अशा हिशोबानं बनवतात. मी पोलोला ईबीसीचे यलोस्टफ टाकलेत, ते रोड आणि ट्रॅक डे दोन्हीसाठीच विकतात. एक सेट, विषय संपला. रोज त्यावरच चालवतो, पन्हाळ्याला रोज वरखाली आहे माझं.

बिडाचा_माणूस
शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, ब्रेक डिस्क आणि ड्रमच्या कास्टिंगचं काम जवळनं बघितलंय म्हणून दोन शब्द.

सगळे पॅड पॅड करतात पण उष्णता साठवते आणि बाहेर टाकते ती डिस्क. पॅडचं काम घर्षणाचं. आता हिशोब बघा. ११०० किलोची गाडी १०० च्या स्पीडवरनं शून्यावर आणली की साधारण ४२५ किलोज्यूल एवढी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. १२० वरनं थांबवली तर त्याच्या ४४ टक्के जास्त, कारण स्पीडचा वर्ग होतो. आणि घाट उतरताना समजा ५०० मीटर उंची खाली आलात तर त्याच गाडीचे ५४०० किलोज्यूल होतात, म्हणजे १०० वरनं शून्य असे बारा तेरा वेळा थांबल्यासारखं. त्यातलं इंजिन ब्रेकिंगनं आणि हवेनं किती खाल्लं आणि ब्रेकवर किती पडलं हे चालवणाऱ्याच्या हातात. न्यूट्रलला टाकून घाट उतरणारे सगळंच्या सगळं ब्रेकवर टाकतात.

डिस्क ग्रे आयर्नची असते, आपल्या भाषेत साधं बीड. त्यात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं आणि त्या पापुद्र्यांतनं उष्णता झटकन पळते, शिवाय थरथर पण तेच मारतात म्हणून आवाज कमी. एसजी आयर्न हा बिडाचाच दुसरा प्रकार ताकदीला जास्त, पण त्यात ग्राफाइट गोळ्यांसारखं असतं, उष्णता तेवढी पळत नाही, म्हणून डिस्कला बीडच बरं. हे सांगायचं कारण, बाजारात चकचकीत, भोकं पाडलेल्या स्वस्त डिस्क मिळतात त्या ट्रॅकसाठी घेऊ नका. भोकापासनं तडे सुरू होतात आणि तेवढं वजनही कमी, म्हणजे उष्णता साठवायला माल कमी. साधी, आतनं हवा खेळणारी व्हेंटिलेटेड डिस्क, जाडी पूर्ण असलेली, ती सगळ्यात भारी.

तुमच्या डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती बघा आणि मायक्रोमीटरनं मोजा. व्हर्नियरनं मोजाल तर कडेला राहिलेल्या ओठामुळं चुकीचं माप येतं.

थ्री_नाइन्टी
गाडीवाल्यांच्यात घुसतोय माफ करा. बाइकला आम्ही सिंटर्ड पॅड वापरतो, पावसात पण लागतात आणि तापले तरी ऐकतात. तसले कारला मिळत नाहीत का? मग सगळा प्रश्नच मिटला की.

बिडाचा_माणूस
@थ्री_नाइन्टी चांगला प्रश्न आहे. सिंटर्ड म्हणजे तांब्याची वगैरे धातूची पावडर दाबून भट्टीत भाजलेली. बाइकची डिस्क बहुतेक स्टेनलेस स्टीलची असते, तिला ते जमतं. कारची डिस्क बिडाची, तिला असला कडक धातूचा पॅड लावला तर डिस्क लवकर खाल्ली जाते, आणि धातू असल्यानं उष्णता पॅडमधनं पिस्टनकडं, तिथनं ऑइलकडं जाते. रोजच्या कारला नको. कारमध्ये तुम्हाला प्रामुख्यानं तीन प्रकार भेटतील, ऑरगॅनिक, सेमी मेटॅलिक आणि सिरॅमिक. ऑरगॅनिक शांत आणि मऊ पण तापला की लवकर ढेपाळतो. सिरॅमिक स्वच्छ, आवाज नाही, रोजच्याला एकदम मस्त, पण सिरॅमिक नाव वाचून तो रेसिंगचा समजू नका. घाट आणि हलकाफुलका ट्रॅक म्हटलं की सेमी मेटॅलिककडंच यायला लागतं, थोडा आवाज, थोडी काळी धूळ सहन करून.

उद्यमनगर_गॅरेज
शिवाजी उद्यमनगरात काम करतो, माझ्याकडं महिन्याला असली एकदोन गाडी तरी येतेच, ब्रेक लागत नाही पॅड बदला म्हणून. उघडून बघितलं की निम्म्या वेळा पॅड ठीक असतो, कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लाइड पिन जाम झालेली असते. पिन जाम म्हणजे आतला पॅड खाऊन संपलेला आणि बाहेरचा नव्यासारखा. एकाच बाजूनं काम चाललंय तर ती बाजू जास्त तापणारच. दोन्ही पॅडची झीज सारखी आहे का एवढं बघितलं तरी निम्मं निदान होतं.

राजारामपुरी भावा, साडेसातशेचा सेट घेऊ नकोस. पॅड स्वस्त असला म्हणून खराब असं नाही, पण त्यावर ना कंपनीचं नाव ना बॅच नंबर ना घर्षणाचा कोड, असला माल मी माझ्या घरच्या गाडीला लावत नाही, गिऱ्हाइकाच्या पण लावत नाही. बॅकिंग प्लेटपासनं, म्हणजे पाठीच्या पत्र्यापासनं, मटेरियल सुटलेलं बघितलंय मी. आपल्या देशात चांगले पॅड बनतात, ब्रेक्स इंडिया आहे, राणे आहे, अलाइड निप्पॉन आहे, हेच लोक गाड्यांच्या कंपन्यांना पण माल देतात. दोन अडीच हजारात पुढचा सेट बसतो.

राजारामपुरी_०९
घर्षणाचा कोड म्हणजे काय दादा? कुठं असतो?

उद्यमनगर_गॅरेज
पॅडच्या कडेला किंवा पाठीवर नंबरांच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात, एफएफ, जीजी, ईएफ असली. पहिलं अक्षर गार पॅडचं, दुसरं तापलेल्याचं. बाकी घाटवाट सरांना विचार, ते आकड्यातले आहेत.

घाटवाट
ई म्हणजे घर्षण गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. अमेरिकेतल्या एसएई ह्या इंजिनिअरांच्या संस्थेच्या पद्धतीनं हे छापतात, सगळ्या पॅडवर असेलच असं नाही. एफएफ असला तर गार आणि तापलेला दोन्हीत साधारण सारखा. एफई असला तर तापल्यावर पडतो, तो घाटाला घेऊ नकोस. ईएफ उलटा, गार असताना कमी आणि तापल्यावर वाढतो.

पण ह्या कोडवर फार विसंबू नकोस. ती टेस्ट एका छोट्या तुकड्यावर करतात आणि त्यातलं तापलेलं म्हणजे साडेतीनशे डिग्रीच्या अलीकडंच संपतं. ट्रॅकवर पुढची डिस्क त्याच्या बरीच वर जाते. म्हणजे जीजी लिहिलेला पॅड पाचशे डिग्रीला काय करेल हे त्या अक्षरांवरनं कळत नाही. रोजच्या पॅडांत निवड करायला कोड उपयोगी, ट्रॅक पॅडांत निवड करायला नाही.

आणि पोलो_पन्हाळा, तुमच्या एका सेटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. तुमचा पॅड चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पूर्ण ट्रॅकचा पॅड असेल तर तो गार असताना नीट पकडत नाही, त्याला तापमान पायजे. जुलैत शाहूवाडीकडनं आंब्याला पावसात निघालात, डिस्क ओली, पॅड गार, धुक्यातनं अचानक म्हैस आडवी आली. त्या पहिल्या दाबाला जो पॅड लागतो तो माझ्या दृष्टीनं रस्त्याचा खरा पॅड. ट्रॅक वर्षातनं एकदा, रस्ता रोज.

पोलो_पन्हाळा
@घाटवाट मान्य, पण यलोस्टफ पूर्ण रेस पॅड नाहीच, मधला आहे, मी पावसात पण चालवतोय आणि गार असताना पहिला दाब मला तरी कमी वाटला नाही. आवाज करतो थोडा, धूळ जास्त टाकतो, डिस्क जरा जास्त खातो हे खरं. फेरोडोचा डीएस२५०० पण असाच मधला आहे. दोन सेट घ्या, बदलत बसा, प्रत्येक वेळी परत बेडिंग करा, म्हणजे पॅड डिस्कवर बसवून घ्या, एवढं कोण करतंय? आणि खर्च मोजला तर एक चांगला सेट दोन सेटपेक्षा स्वस्तच पडतो.

घाटवाट
तुमच्या गाडीला बसणारा पॅडचा शेप मिळाला म्हणून बोलताय. ह्याच्या बजेटात आणि ह्याच्या कॅलिपरला ते मिळतंय का हा खरा प्रश्न आहे. परदेशी ब्रँडचे पॅड मागवायचे तर गाडीचं नाव सांगून मागवू नका, जुना पॅड काढून मापं घ्या, लांबी रुंदी जाडी आणि कानाचा आकार, मग कॅटलॉगमधल्या ड्रॉइंगशी जुळवा. एकाच मॉडेलला वर्षानुसार वेगळे कॅलिपर असतात.

कार्टवाली
मी मोहितेंच्या ट्रॅकवर गो-कार्टिंगनं सुरुवात केली, नंतर करीला आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक डे केलेत, म्हणून चालवण्याच्या बाजूनं सांगते. पॅडवर एवढी चर्चा झाली पण ब्रेक कसा मारायचा ह्यावर कुणीच बोललं नाही.

पहिली गोष्ट, नवीन पॅडनं एकाच कडक ब्रेकमध्ये गाडी कमी अंतरात थांबेल असं समजू नका. कंपनीच्या पॅडनं पण १०० वरनं एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) चालू होतोच ना? म्हणजे तिथं टायरची पकड संपली, पॅडची नाही. चांगल्या टायरनं अंतर कमी होतं. चांगल्या पॅडनं दहाव्या ब्रेकला पण पहिल्यासारखंच पेडल मिळतं. तेवढ्यासाठीच पैसे द्यायचे.

दुसरी, ट्रॅकवर नवखी माणसं लवकर ब्रेक धरतात आणि हलका धरून लांबपर्यंत घासत नेतात. त्यानं पॅड सगळ्यात जास्त तापतो कारण गार व्हायला वेळच मिळत नाही. सरळ रस्त्यावरच जोरात, थोडा वेळ, आणि सोडायचा. कार्टला ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलवर असतो, वळणात ब्रेक मारला की मागचं टोक फिरतंच, त्यामुळं सरळ असताना ब्रेक संपवायची सवय तिथंच लागते. दादा, करीला जायच्या आधी आपल्या इथं कार्टवर एक सकाळ घालव, पॅडच्या पैशापेक्षा जास्त उपयोग होईल. खरंच सांगते.

तिसरी, चारपाच लॅप जोरात, मग एक लॅप ब्रेक जवळजवळ न लावता गार करायला. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाडी थांबवायच्या जागी, आल्यावर ब्रेकवर पाय ठेवून उभं राहायचं नाही आणि हँडब्रेक ओढायचा नाही. गियरमध्ये टाकायची आणि चाकाला दगड लावायचा. तापलेला पॅड एकाच जागी दाबून धरला की तिथं डिस्कवर मटेरियलचा डाग बसतो आणि मग हायवेला ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा वाकलेली नसते, डाग बसलेला असतो.

बिडाचा_माणूस
ताई एकदम बरोबर. आणि मग तीच डिस्क लेथवर लावून एक कट मारून घेतात. कट मारला की जाडी कमी, जाडी कमी की उष्णता साठवायला माल कमी, पुढच्या वेळी अजून लवकर तापते. आधी परत बेडिंग करून बघा, डाग निघतो का. नाही निघाला तर बारीक सँडपेपर. लेथ शेवटी, आणि कोरलेल्या कमीत कमी जाडीच्या खाली जात असेल तर लेथ नाहीच, नवीन डिस्क.

आजरा_आंबोली
मी आजऱ्याकडचा, आंबोली घाट नेहमीचा. तिथं घाट उतरणारे ट्रक बघा, रिकामा असो का भरलेला, अनुभवी ड्रायव्हर ज्या गियरला चढतो त्याच गियरला उतरतो. कारला पण तेच, दुसरा तिसरा गियर धरायचा. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोडला टाकायची. राजारामपुरी, तू घाट कसा उतरतोस हे विचारलंच नाही कुणी.

राजारामपुरी_०९
तिसऱ्यात असतो शक्यतो. पण त्या दिवशी गाडीत आम्ही पाच जण आणि डिकी भरलेली, गणपतीपुळ्याला निघालेलो.

आजरा_आंबोली
पाच माणसं आणि डिकी म्हणजे तीनचारशे किलो वर. मग दुसरा धरायचा. वजन वाढलं तसा ब्रेकवरचा भार वाढतो, वरचा ५४०० चा हिशोब परत कर.

उद्यमनगर_गॅरेज
बेडिंगचं मघाशी निघालं ते नीट सांगतो, कारण नव्वद टक्के लोक करतच नाहीत आणि मग पॅड वाईट म्हणतात.

नवीन पॅड टाकला की पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसवायचा असतो. रिकामा रस्ता बघायचा, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतले रुंद रस्ते रविवारी सकाळी बरे पडतात, मागं कुणी नाही ह्याची खात्री करून ८० वरनं २० पर्यंत मध्यम जोरात आणायची, पूर्ण थांबवायची नाही, परत ८०, परत २०. असं आठ दहा वेळा. वास येईल, थोडा धूर पण येईल, घाबरायचं नाही. मग दहा पंधरा मिनिटं ब्रेक न लावता फिरवून गार करायची. पॅकेटवर कंपनीनं वेगळी पद्धत दिली असेल तर तीच करायची, माझी नाही.

बेडिंग न करता नवा कोरा पॅड थेट ट्रॅकवर किंवा घाटात नेला की पहिल्या तापण्यातच तो गॅस सोडतो आणि घसरल्यासारखा होतो. नवीन असून लागत नाही अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक हेच. म्हणून कोइमतूरला निघायच्या आदल्या दिवशी पॅड टाकू नकोस. आठ पंधरा दिवस आधी टाक, बेडिंग कर, रोजच्याला चालव, आंब्याला एक फेरी मार, मग ट्रॅक.

आणि धूळ. कॅलिपर उघडला की कंप्रेसरच्या हवेनं उडवायची सवय आहे आपल्याकडं, ती बंद करा. ती धूळ नाकात जाते. ओल्या फडक्यानं पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारा. माझ्या पोरांना मी मास्क लावायला लावतो.

पोलो_पन्हाळा
मागच्या ड्रमचं कुणी बोललं नाही. ऑइल फ्लश करताना मागची लायनर (ड्रममधलं घासणारं मटेरियल) पण बघून घे, ॲडजस्ट नसेल तर पेडल तसंही लांब जातं आणि सगळा भार पुढं येतो. मागं महाग काही टाकायची गरज नाही, पण पुढं भारी पॅड आणि मागं गुळगुळीत लायनर असलं कॉम्बिनेशन नको.

ताराराणी_चौक
एक गोष्ट लक्षात ठेवा, मोटर इन्शुरन्सच्या पॉलिसीत गाडी रेसिंगसाठी, स्पीड टेस्टिंगसाठी वापरली तर कव्हर नाही असं कलम असतं. ट्रॅकवर काही झालं तर सगळं खिशातनं. जायच्या आधी पॉलिसी काढून वाचा, आणि ट्रॅकवाले सही घेतात तो कागद पण वाचा.

राजारामपुरी_०९
सगळ्यांचे मनापासनं आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. शनिवारी उद्यमनगरात गाडी उघडली. डाव्या पुढच्या कॅलिपरची खालची पिन खरंच जाम होती. आतला पॅड झिजून बाहेरच्याच्या जवळपास निम्माच राहिलेला. ऑइल काढलं ते चहाच्या रंगाचं. डिस्क मोजली, जाडी भरपूर आहे, कट मारायची गरज नाही.

आता असं ठरवतोय, बरोबर का सांगा. पूर्ण ऑइल डॉट ४, सगळ्या पिना साफ, मागची लायनर ॲडजस्ट. पुढं इकडचाच नावाजलेल्या कंपनीचा सेमी मेटॅलिक, एफएफ कोडचा, दोन हजार सहाशेला मिळतोय. हाच रोजचा आणि हायवेचा. करीसाठी मधल्या प्रकारचा एक सेट मापं देऊन विचारलाय, सात हजाराच्या आत आला तर घेईन, तिथं पोचल्यावर पिटमध्ये बदलायचा आणि परत निघताना काढायचा. बजेट थोडं वर जातंय पण हरकत नाही.

घाटवाट
ऑइल, पिना आणि रोजचा पॅड, हे तिन्ही आत्ता कर, बिनधास्त. ट्रॅकच्या सेटला थांब. पहिलाच ट्रॅक डे आहे, गाडी ८० ९० बीएचपीची आणि वजनानं हलकी, ताईनं सांगितलं तसं चार लॅप आणि एक गार लॅप केलीस तर ताजं ऑइल आणि बेडिंग केलेला सेमी मेटॅलिक पहिल्या वेळी पुरतो. तिथं पेडल घट्ट राहून गाडी थांबेनाशी झाली तर कळलं की आता पॅड कमी पडतोय, मग सात हजार घाल. नाही झालं तर ते सात हजार टायरला ठेव. वाटलं तर डॉट ५.१ टाक, ते डॉट ४ च्या सिस्टिमला चालतं. फक्त डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं, नाव सारखं पण ते ह्यात मिसळत नाही.

पोलो_पन्हाळा
मी अजून एका सेटच्याच बाजूनं आहे पण पहिल्या वेळी घाटवाट म्हणतात ते पटतंय. आणि दोन सेट घेतलेस तर एक ध्यानात ठेव, प्रत्येक कंपाउंडचा, म्हणजे पॅडच्या मटेरियलचा, डिस्कवर वेगळा थर बसतो. बदलल्यावर पहिले काही ब्रेक हळू, परत बेडिंग केल्यासारखं. पॅड बदलल्या बदल्या पिटमधनं थेट जोरात निघायचं नाही.

कार्टवाली
पॅड बदलल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल तीनचारदा दाबून घे. पिस्टन मागं ढकललेला असतो, पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं. पिटमध्ये घाईत हे विसरणारे बघितलेत मी.

राजारामपुरी_०९
ठरलं मग. ट्रॅकचा सेट आत्ता नाही. शनिवारी ऑइल आणि पॅड, रविवारी सकाळी कागल. पिनांना ग्रीस कुठलं लावायचं दादा, माझ्याकडं बेअरिंगचं पिवळं ग्रीस आहे ते चालेल का?

उद्यमनगर_गॅरेज
नाही, ते अजिबात नको. पेट्रोलियमच्या ग्रीसनं पिनेचं रबर फुगतं आणि पिन परत जाम होते. सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस घे, छोटी पुडी मिळते, आणि थोडंच लाव. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला लागू देऊ नकोस. शनिवारी सकाळी लवकर ये, दुपारनंतर लाइट जाते आमच्याकडं.